शेकोटीखालचा आवाज

घारीचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि या योगायोगावर गाव इतकी वर्षं हसून झालं होतं की आता कोणी हसलं, तर तो नवखा आहे हे लगेच ओळखू यायचं. स्काउट पथकात असताना तळ्याच्या पलीकडच्या काठावर कोण शिंकणार आहे हे तिला शिंकणाऱ्याच्या आधी कळायचं, म्हणून कप्तानांनी तिचं नाव घार ठेवलं होतं. आता पन्नाशी उलटली होती, नाकावर जाड भिंगं आली होती. पण भिंगांमागची नजर होती तशीच तिखट होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच ती त्याचा नंबर मनात मांडायची आणि नंबराशेजारी माणसाचा जमाखर्चही. हा फ्रेम भारीतली घेणार आणि भिंगांत काटकसर करणार. ही ‘यांना विचारून सांगते’ म्हणणार, आणि ‘यांना’ कोणी काही विचारून जमाना झाला असणार.

पथकात प्रत्येकाला पहिल्याच शिबिरात असं नाव मिळायचं आणि ते गोंदणासारखं जन्मभर चिकटायचं. मुंगी तेव्हा भांडार सांभाळायची. आता एका कारखान्याचं कॅन्टीन चालवत होती आणि तिथेही चमचे मोजल्याशिवाय दिवा मालवत नव्हती. कासव आता गाडी शिकवायचा. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या एकाही माणसाचा अपघात झाला नव्हता. तेवढा वेगच कोणी घेतला नव्हता.

आणि घारीचा दादा म्हणजे भोंगा. त्याच्यामुळे पथकाने लाउडस्पीकर कधी भाड्याने आणला नाही. तो या काठावर ‘चहा’ म्हणाला की त्या काठावरची माणसं कप घेऊन उठायची. रौप्यमहोत्सवी शिबिरानंतर काही वर्षांतच एका आजारपणात तो गेला. फोटो मागे राहिले. एक घारीच्या गल्ल्यावर लावलेला होता. त्यात त्याचं तोंड उघडं आहे, कारण फोटो कसा काढायचा हे तो फोटो काढणाऱ्याला शिकवत होता. गेल्या वर्षी घारीच्या लेकीने त्या फोटोवरची धूळ पुसता पुसता सहज विचारलं, “आई, मामाचा आवाज कसा होता गं?”

घार सांगायला गेली आणि अडकली. त्याचे शब्द आठवत होते. त्याच्या शिव्या तर क्रमाने आठवत होत्या. आवाज मात्र आठवेना. केव्हा पुसला गेला हे तिला कळलंसुद्धा नव्हतं. एवढ्या मोठ्या आवाजाचं असं व्हावं! ती लेकीला म्हणाली, “मोठा होता,” आणि आत जाऊन उगाचच ड्रॉवर आवरत बसली.

तो आवाज या जगात एकाच जागी शिल्लक होता, आणि ती जागा कोणालाच सापडत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. पथकाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तळ्याकाठच्या माळावर मोठं शिबिर भरलं. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी झाली, ती कप्तानांच्या टेपरेकॉर्डरवर एका कॅसेटमध्ये भरली. पहाटे कप्तान आणि भोंगा या दोघांनीच ती कॅसेट, फोटो, झेंडा आणि काय काय, म्हणे एका पेटीत घालून, शेकोटीच्याच खाली पुरलं. पथकाच्या सुवर्णमहोत्सवाला ते उकरून काढायचं, असं ठरलं. शेकोटीखाली पुरलंय हे कप्तानांनी सगळ्यांना सांगितलंही. पुरणारे दोघं पुढे वारले, पण त्यात अडचण नव्हती. शेकोटी कुठे होती हे काय कोणी विसरणार?

अडचण पथकाच्या नियमात होती. कप्तानांचा एकच नियम देववाक्यासारखा होता: आपण निघालो की आपण इथे आलो होतो हे कोणाला कळता कामा नये. आणि त्या वर्षी साफसफाईच्या टोळीची प्रमुख होती घार. तिने माळ असा साफ केला की तंबूच्या खुंट्यांची भोकंसुद्धा बुजली. गवताचे जे चौकोन शेकोटीसाठी कापून बाजूला ठेवले होते ते तिने पुन्हा बसवले, वर पाणी शिंपडलं. कप्तान माळावरून फिरले, समाधानाने मान हलवली, आणि तिला पदक दिलं. सुवर्णमहोत्सवाला मंडळी कुदळी घेऊन गेली, दिवसभर खणली आणि हात हलवत परत आली. त्या पदकाबद्दल तेव्हापासून घारीला जेवढं ऐकावं लागलं तेवढं एखाद्या चोरालाही लागत नाही.

आता साठावं वर्ष आलं होतं. गावच्या ग्रंथालयात ‘गावाच्या आठवणी’ नावाची खोली तयार झाली होती आणि तिथलं एक काचेचं कपाट पथकाला मिळणार होतं. ग्रंथपालबाई वयाने लहान, चष्मा घारीच्याच दुकानातला. तिने कपाटाची दारं उघडली आणि मंडळींनी आणलेलं सामान एकेक करून मांडलं. एक शिट्टी. विटलेले दोन स्कार्फ. भोक पडलेला तंबू, तोही घडी घातलेला, म्हणून भोक दिसत नव्हतं.

ग्रंथपालबाई बराच वेळ कपाटाकडे बघत राहिली. “आणि बाकीचं?”

“हेच,” मुंगी म्हणाली.

“साठ वर्षांचं?”

“आमचा नियमच तसा होता, बाई. मागे काही ठेवायचं नाही.”

“नियम पाळलात हे दिसतंय,” ग्रंथपालबाई म्हणाली. “उद्या कोणी म्हणालं की असं पथक नव्हतंच, तर मी काय दाखवू? शिट्टी?” मग जरा चाचरत ती पुढे बोलली, “रविवारी संध्याकाळी उद्घाटन आहे. टपालतिकिटं जमवणारं मंडळ आहे ना, त्यांच्याकडे सात पेट्या भरून माल आहे. ते रोज विचारतात. म्हणजे, अर्धं कपाट जर रिकामंच राहणार असेल...”

“तिकीटवाल्यांना?” कासवाला हा धक्का हळूहळू पोहोचला, पण पोहोचला. “ज्यांनी आयुष्यात दुसऱ्यांच्या पाकिटांना वाफ देण्यापलीकडे काही केलं नाही, त्यांना?”

“ती पेटी असती तर,” मुंगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

“कुठली पेटी?” ग्रंथपालबाईने विचारलं.

मग सगळ्यांनी एकदम सांगितलं, आणि सांगून झाल्यावर सगळ्यांनी एकदम घारीकडे पाहिलं.

“बघा, बघा माझ्याकडे,” घार म्हणाली. “नंबर वाढलाय सगळ्यांचा. रविवारी सकाळी माळावर या. कुदळी आणा. आणि स्कार्फ घालून या, म्हणजे निदान दिसेल तरी की पथक होतं.”

रविवारी उजाडता उजाडता माळावर जुनी मंडळी जमली. पोटं सुटलेली, केस गेलेले, गळ्यात स्कार्फ. लांबून बघणाऱ्याला वाटावं, निवृत्तांच्या सहलीत कोणीतरी चुकून लहान मुलांचे कपडे वाटले. ग्रंथपालबाई फोन हातात घेऊन फोटो काढत होती. माळ बदलला होता. तळं आक्रसून लांब गेलं होतं, ज्याच्याखाली सगळे जेवायला बसायचे ते मोठं झाड केव्हाच पडलं होतं, आणि उरलं होतं ते गवत, दगड आणि सहलीला येणाऱ्यांचा कचरा.

“शेकोटी इथे होती,” कासव एका जागी पाय रोवून म्हणाला.

“छे! इथे,” मुंगी दूरवरून ओरडली. “धूर माझ्या भांडारात यायचा. मला नको सांगूस.”

“वारा कुठूनही वाहिला तरी तुझ्याच भांडारात धूर जायचा. तू दारात उभी राहून हुंगायचीस ना, कोण काय चोरतंय ते!”

बाकीच्यांनीही आपापल्या जागा धरल्या. माणसं जेवढी, तेवढ्या शेकोट्या झाल्या. कासवाच्या दोन, कारण मध्येच त्याचं मत बदललं. नळवाल्याकडून कोणीतरी धातू शोधायचं यंत्र उसनं आणलं होतं. ते माळावर टेकवताच किंचाळायला लागलं. मंडळी धावली, खणलं, तर बाटलीचं झाकण. चार पावलं पुढे पुन्हा किंचाळलं. पुन्हा झाकण. मग ते थांबेचना.

“हा न्याय बघा,” मुंगी कपाळावर हात मारून म्हणाली. “ज्यांनी सगळं टाकलं त्यांचं सगळं सापडतंय. आणि आम्ही शहाण्यासारखं वागलो, तर आमचं काहीच नाही!”

“पदक मिळालं ना पण,” कासव म्हणाला. “घारे, ते पदक तरी दे कपाटात ठेवायला.”

घार एका जागी उभी राहून डोळे मिटून हात हलवत होती. बघणाऱ्याला ती वेडी वाटली असती. पण तिचं चाललं होतं ते हिशेबाचंच काम होतं. डोक्याला काही आठवत नव्हतं, म्हणून ती हातांना विचारत होती. आधी पाणी. मग राख हाताने चाचपून गार झाली का बघायची. राख पसरायची. गवताचा चौकोन उचलायचा, बसवायचा, पायाने दाबायचा. मग दगड. शेकोटीभोवती लावलेले मोठे दगड, जाळाने एका अंगाने काळे पडलेले. ते कवेत घ्यायचे, न्यायचे, ठेवायचे आणि ठेवताना...

तिचे हात हवेतच उलटे वळले.

“काळी बाजू खाली!” घार एवढ्याने ओरडली की यंत्र बंद पडलं. “अरे, दगड आपण काळी बाजू खाली करून ठेवायचो! कोणाला जळकी खूण दिसू नये म्हणून! दगड उलटे करा! सगळे दगड उलटे करा!”

मग जे काही झालं त्याला शिस्त म्हणता येणार नाही. कमरेची दुखणी, गुडघ्यांच्या वाट्या, डॉक्टरांची ताकीद, सगळं मागे पडलं. ज्याला जो दगड दिसेल तो त्याने उपटला. दगडांखालून गोमी निघाल्या, मुंग्या निघाल्या, आणि मुंग्या निघाल्या की सगळे मुंगीकडे बघून “नातेवाईक!” म्हणून ओरडत होते. ग्रंथपालबाईने बूट काढून फेकले आणि ती अनवाणी पळू लागली.

“काळा!” मुंगीने हाळी दिली. “काळा! अगदी तव्याच्या बुडासारखा!”

सगळे धावले. दगडाचं खालचं अंग खरंच काळं होतं, जाळाने तडकलेलं, आणि बोट लावलं तर बोटाला लागत होतं. “फोटो! आधी फोटो!” ग्रंथपालबाई ओरडत होती, पण कुदळी केव्हाच पडायला लागल्या होत्या. घार स्वतः खणत होती. घसरणारा चष्मा ती मनगटाने वर ढकलत होती. गुडघाभर खड्डा झाला. मांडीभर झाला. आणि त्यातून, अत्यंत नाराज चेहऱ्याने, एक बेडूक बाहेर आला.

कुदळी जागच्या जागी थांबल्या.

“डोंगर पोखरून उंदीर म्हणतात,” कासव म्हणाला. “आपला बेडूक निघाला. म्हणजे प्रगती आहे.”

कोणी हसलं नाही. घार खड्ड्याच्या काठावर बसली. पुन्हा तेच. पुन्हा घरी जाऊन लेकीला ‘मोठा होता’ एवढंच सांगायचं.

कासवाने खड्ड्यात वाकून पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि मग सावकाश, जणू पुढच्या चौकात वळायचंय अशा आवाजात म्हणाला, “पण घारे, हा दगड इथे का असेल शेकोटीचा? तूच आम्हाला तासायचीस ना? दगड जिथून उचलला तिथेच परत. ‘दगडालासुद्धा घर असतं,’ म्हणायचीस. मला एकदा अर्ध्या माळावरून परत पाठवलं होतंस, चुकीच्या खळग्यात ठेवला म्हणून.”

“अरेच्चा,” मुंगी म्हणाली. “म्हणजे हे दगडाचं घर. शेकोटीचं नाही.”

“म्हणजे संपलं,” मागून कोणीतरी म्हणालं.

घार उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की कासव एक पाऊल मागे सरकला.

“कासवा,” ती म्हणाली, “जन्मात पहिल्यांदा तू वेळेवर पोहोचलास! अरे, दगड कोण आणायचं? प्रत्येक टोळीने आपल्या तंबूच्या बाजूने एकेक मोठा दगड आणायचा. शेकोटी सगळ्यांची, म्हणून दगड सगळ्यांचे. आणि तंबू कसे होते? गोल! सगळीकडून सारख्या अंतरावर! मग हे सगळे काळे दगड आपापल्या घरी गोल बसलेत, आणि शेकोटी...”

“मधोमध!” ग्रंथपालबाई किंचाळली. ती कधी पथकात नव्हती, पण त्या क्षणी तिला कोणी नाव दिलं असतं तर तिने ते आनंदाने घेतलं असतं.

आता धावाधाव झाली ती वेगळीच. कुठे बघायचं ते आता माहीत होतं. पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी एक काळा दगड निघाला. उताराच्या टोकाला एक. एक बाभळीच्या काट्यांत, तो काढताना दोघांचे हात ओरबाडले आणि दोघंही खूश. प्रत्येक दगडावर ज्याला सापडला त्याने गळ्यातला स्कार्फ सोडून बांधला. तळ्याच्या बाजूचा एक दगड काही मिळाला नाही. पण बाकीचे स्कार्फ वाऱ्यावर फडफडायला लागले आणि माळावर एक मोठं कडं उभं राहिलं. घार मध्ये उभी राहून गरगर फिरून बघत होती. तंबू तिला दिसत होते. अगदी हा, हा आणि हा.

मुंगीने दोर आणले होते. समोरासमोरच्या दगडांमध्ये ते ताणले. गाठ कुठली मारायची यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ते मिटेपर्यंत तिसऱ्याने तिसरीच मारून टाकली. दोर जिथे एकमेकांना ओलांडत होते तिथे, थोडं इकडे थोडं तिकडे, नुसतं गवत होतं. बाकी माळासारखंच. एखाद्या दुसऱ्या रविवारी त्यावर चादर टाकून कोणी झोपलं असतं.

घारीने कुदळ घेतली, मग थांबली, आणि ती कासवाच्या हातात दिली. “तू खण. हळू खणणारा माणूस हवा.”

कासवाने गवताचा थर बाजूला काढला. खाली माती. आणखी खाली माती जरा गडद. आणि मग चिमटीएवढे, नखाएवढे, काळे काळे तुकडे. कोळसा.

कासवाने आणखी एक घाव घातला, आणि खालून आवाज आला: टण्ण.

माती हातांनी उपसली. आधी एक काळा कान दिसला, मग गोल झाकण. लाकडाची पेटी नव्हतीच ती. मुंगी वाकून बघत होती. ती आणखी वाकली, आणि मग मातीतच बसकण मारली.

“माझा कुकर!”

पथकाचा मोठा कुकर. त्याच शिबिरात हरवलेला. भांडारप्रमुखाकडून कुकर हरवतो म्हणजे काय, यावर मुंगीने आयुष्यभर टोमणे खाल्ले होते. सगळे बोलले, कप्तान मात्र एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं.

“बोलणार कसे?” ती आता हसत होती की रडत होती ते तिलाच कळत नव्हतं. “स्वतःच पुरलाय! एवढी वर्षं मी कॅन्टीनचे चमचे मोजतेय या कुकरापायी! ही अक्कल कोणाची? भोंग्याचीच! भोंग्या, तू असतास ना, तर याच कुकरात तुला...”

“पण डोकं बघ,” कासव कौतुकाने म्हणाला. “हवा जाणार नाही, पाणी जाणार नाही. शिट्टीच्या भोकात मेण भरलंय, कडेलाही भरलंय. पेटी असती तर केव्हाच कुजली असती.”

झाकण कोणालाच उघडेना. मुंगीने सगळ्यांना बाजूला सारलं, मेण खरवडलं, कुकर गुडघ्यांत धरला, तळव्याने कडेला एका ठरावीक जागी ठोसा दिला आणि झाकण फिरलं. “याला असंच लागायचं,” ती म्हणाली, जुन्या मैत्रिणीबद्दल बोलावं तशी.

आत सगळं कोरडं होतं. झेंडा. फोटोंचा गठ्ठा. प्रत्येक टोळीचं फडकं. ग्रंथपालबाई “हातमोजे! कोणीतरी हातमोजे घाला!” म्हणत होती आणि तिचेच हात मनगटापर्यंत आत होते. आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, पिशवीत पिशवी, अशा वेष्टनात, कॅसेट.

“माझ्या गाडीत लागते कॅसेट!” कासव म्हणाला, आणि सगळी मंडळी गाडीकडे निघालीसुद्धा. दारं उघडली. “लाव, लाव!” चारी बाजूंनी गलका झाला. घार पुढच्या सीटवर बसली होती, हात यंत्रापर्यंत पोहोचला होता.

“मावशी,” ग्रंथपालबाई खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, “टेप इतकी वर्षं हललेली नाही. आतल्या आत चिकटली असेल. ओढली गेली तर तुटेल. माझ्याकडे आवाज उतरवून घ्यायचं चांगलं यंत्र आहे. तुमची कॅसेट, तुम्ही ठरवा.”

घारीने गाडीतल्या यंत्राकडे पाहिलं. हे यंत्र कॅसेट खातं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याने एकदा कासवाची ‘रस्त्याचे नियम’ कॅसेट अशी चघळली की त्यानंतर शिकलेल्या कोणालाच ओव्हरटेक करता येत नव्हतं. एक बटण. नुसतं एक बटण दाबायचं, आणि दादा बोलणार. किंवा कायमचा गप्प होणार.

“उतरा सगळे,” घार म्हणाली. “ग्रंथालयात चला.”

“आता?”

“आत्ता! कासवा, गाडी काढ. आणि एक सांगते, आज जर तू सायकलवाल्याला पुढे जाऊ दिलंस ना, तर तुझा चष्मा मी आयुष्यभर चुकीच्या नंबराचा करून देईन.”

कुकर मागच्या सीटवर मुंगीच्या मांडीवर होता. कॅसेट घारीच्या दोन्ही तळव्यांत. कासवाने गाडी सुरू केली, आरशात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग जे झालं त्याची गावात पुढे कितीतरी दिवस चर्चा होती. भर बाजाररस्त्यावर कासवाने बस मागे टाकली. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. तो कासवाचाच विद्यार्थी होता, आणि गुरूला काही झालं की काय असं त्याला वाटलं.

आठवणींच्या खोलीत कुकर टेबलावर ठेवला. यंत्र बाजूला होतं. ग्रंथपालबाईने कॅसेटच्या चाकात पेन्सिल घातली आणि ती फिरवू लागली, कोणी नवजात बाळाची मूठ उघडावी तशी. सगळी टेप एका बाजूला गुंडाळायची, मग परत दुसऱ्या बाजूला. नाहीतर यंत्रात घालायची नाही, असं तिने बजावलं होतं. मंडळी दाटीवाटीने उभी होती. कोणालाच स्वस्थ बसवत नव्हतं. बाहेर तिकीटवाल्यांचा एक माणूस पेटी घेऊन डोकावला; मुंगीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेटीसकट परत गेला.

घारीला ती पेन्सिल बघवेना. तिने मान फिरवली, आणि तिला दिसलं की कुकरला लागलेली माती टेबलावर, फरशीवर, सगळीकडे सांडली आहे. काळी, कोळशाची माती, स्वच्छ ग्रंथालयात. तिच्या हातांना काहीतरी करायला हवंच होतं. तिने एक जुनं वर्तमानपत्र घेतलं, गुडघ्यांवर बसली आणि माती गोळा करू लागली.

“झालं,” ग्रंथपालबाई म्हणाली. “लावते. बोललात तरी चालेल, आवाज थेट तारेतून उतरतोय, तुमचं बोलणं त्यात येणार नाही.”

कोण बोलणार होतं? बटण दाबल्याचा खट्ट आवाज झाला.

खरखर. नुसतीच खरखर. मग त्या खरखरीत आणखी एक आवाज, लाकडं तडतडल्याचा. कोणीतरी खिदळलं. भांड्यावर चमचा वाजला. एका पोरीचा बारीक स्वर, “चमचा जागेवर ठेव,” आणि खोलीतली मुंगी तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. घार माती लोटत होती. तिची मान खाली होती आणि हात थांबत नव्हते.

“हॅलो! हॅलो! चालू आहे का हे?”

यंत्रावरचा काटा एकदम लाल खुणेपलीकडे गेला. ग्रंथपालबाईने धडपडत आवाज कमी केला. बाहेर वाचनकक्षात पुस्तकांमागून डोकी वर आली.

“लाल दिवा लागलाय, कप्तान. चला, सुरू करू. सगळे आले? थांबा. घार कुठेय?”

“ती तिकडे कागद गोळा करतेय,” तो बारीक स्वर म्हणाला, आणि टेपमध्ये हशा उसळला.

“अजून शेकोटी पेटलेली आहे आणि ही बया साफसफाई करतेय! घारेऽऽ! ए घारे! सोड ते! राहू दे तसंच! ये इकडे, तुझ्याशिवाय मी सुरू करणार नाही!”

थोडा भरड होता तो आवाज, टोकाला चिरकायचा, आणि ‘रे’ला लांबवताना जरा नाकातून यायचा. नाकातून! तेच तर तिला लेकीला सांगता आलं नव्हतं. घारीच्या हातातून वर्तमानपत्र सुटलं. तिने टेबलाची कड धरली आणि उठली. चष्म्याच्या दोन्ही काचा धुक्याने भरल्या होत्या, पुसायलाही ती थांबली नाही.

“आले रे,” ती म्हणाली. “आले.”

कासवाने खुर्ची सरकवली. ती यंत्रासमोर बसली. टेपमध्ये गवतावर पावलं धावत आल्यासारखा आवाज झाला, कोणीतरी धापा टाकत होतं, आणि भोंगा म्हणाला, “आली एकदाची! चला, मोठ्याने. एक, दोन...”

खोलीतली सगळी जुनी मंडळी एका दमात सुरू झाली, त्या पोरांच्या बरोबर, अर्धी पट्टीत, अर्धी बाहेर. ग्रंथपालबाईला शब्द येत नव्हते, ती टाळ्या वाजवत होती. घारीने फोन काढला, लेकीचा नंबर लावला आणि फोन यंत्राच्या तोंडाशी धरून ठेवला. फरशीवर माती अर्धीच गोळा झालेली होती. कोणाचा तरी पाय तिच्यात पडला आणि तिचा काळा ठसा दारापर्यंत उमटत गेला.